ठरावातून वगळलेल्या परिच्छेदाविषयी: निषेध सभांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, निषेध सभा आयोजन समिती,
तसेच महाराष्ट्रात अशा सभा भरवणाऱ्या मुस्लिम संस्थांचे सर्व पदाधिकारी

अस्सलामु अलैकुम.

गाझातील संहाराच्या निषेधार्थ गेल्या महिन्यात आपण तालुक्याच्या गावी सभा भरवली आणि तिच्या ठरावाचा मराठी मसुदा तयार करण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे सोपवले. तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवल्यामुळे तहसील कचेरीत स्वीकारले जाईल असे मराठी मला लिहिता येते, एवढीच माझी त्या कामाची पात्रता. मी दोन परिच्छेद लिहून दिले. पहिल्यात अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी केलेल्या अन्यायाचा निषेध होता. सभेत तेवढाच वाचला गेला. दुसरा काढून टाकल्याचे मला समोरच्या रांगेतल्या खुर्चीत बसून ठराव ऐकताना कळले, आणि सभा संपल्यावर विचारले तेव्हा 'सर, ही वेळ नाही' एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी समितीला दोनदा लेखी विचारणा केली. दोन्ही पत्रांची पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

वगळलेला मजकूर तीन वाक्यांचा होता. वाचकांच्या माहितीसाठी तो जसाच्या तसा देतो:

"इस्लामचे नाव घेऊन निरपराध माणसांना ठार मारणाऱ्या अल कायदा, आयसिस, तालिबान आणि अशा सर्व संघटनांचा ही सभा तितक्याच स्पष्ट शब्दांत निषेध करते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये केलेल्या नागरिकांच्या हत्यांचे आणि ओलिसांच्या अपहरणाचे आम्ही समर्थन करीत नाही. परकीय फौजांनी केलेला अन्याय हे शाळेत, मशिदीत किंवा बाजारात बॉम्ब फोडण्याचे कारण होऊ शकत नाही, असे या सभेचे मत आहे."

पहिल्या परिच्छेदातला एकही शब्द मी मागे घेत नाही, हे आधीच सांगतो. इराणमधील निवडून आलेले पंतप्रधान मोसद्देक यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले म्हणून ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या हेरखात्यांनी त्यांची सत्ता उलथवली, हा इतिहास मी वर्गात शिकवलेला आहे. सोव्हिएत फौजा १९७९ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात उतरल्यावर पाकिस्तानमार्गे त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना शस्त्रे आणि पैसा कोणी पुरवला, हेही जगजाहीर आहे. मार्च २००३ मध्ये ज्या महासंहारक शस्त्रांचे निमित्त करून इराकवर हल्ला झाला ती शस्त्रे सापडलीच नाहीत. पुढच्या वर्षी इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली, आणि ब्रिटनने स्वतःच नेमलेल्या चिलकॉट समितीने २०१६ मध्ये त्या युद्धाच्या निर्णयावर कडक ताशेरे ओढले. लिबियात २०११ साली नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून नाटोची विमाने गेली, राजवट कोसळली आणि त्या देशाची घडी आजतागायत बसलेली नाही. गाझावर पडणाऱ्या बॉम्बपैकी किती तरी अमेरिकी बनावटीचे आहेत. या सगळ्याचा निषेध व्हायलाच हवा. माझी तक्रार उरलेल्या अर्ध्या मजकुराविषयी आहे, आणि ती करण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील म्हणून थोडे घरचे सांगतो.

माझे वडील कुवेतमध्ये एका गोदामात कामाला होते. आपल्या खाडीपट्ट्यातल्या निम्म्या घरांची चूल त्या काळी आखातातून येणाऱ्या ड्राफ्टवर पेटत असे, आमचीही त्यातलीच. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि वडिलांची पत्रे थांबली. सात आठवडे आम्हांला काहीच कळले नाही. बसरा, बगदाद असे मजल दरमजल करत ते जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचले, तिथे तंबूत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अशा रीतीने परत आणले गेले. वडिलांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत बदलण्याचे कपडेसुद्धा नव्हते. गोदाम लुटणारे सैनिक मुसलमान होते, ज्यांचे लुटले तेही मुसलमान होते.

आणि त्याच हिवाळ्यात, वडील घरी आल्यावर, आपल्याच बाजारपेठेत सद्दामचे पोस्टर लागले. अमेरिकेला आव्हान देणारा म्हणून तो आपला झाला होता. ते पोस्टर पाहून वडील काही बोलले नाहीत, पण पुढे कित्येक जुम्म्यांना ते त्या रस्त्याने न जाता लांबचा वळसा घेऊन मशिदीत जात. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून त्यांना काही रक्कम मिळाली. ज्यांच्यासाठी आपण घोषणा देत होतो त्यांच्याकडून साधी विचारपूसही झाली नाही. आपल्या समितीने माझा परिच्छेद काढला तेव्हा मला ते पोस्टर आठवले.

आता तक्रारी मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, आपण ज्यांच्या नावाने बोलता त्या सामान्य मुसलमानाचे मत आपण अर्धेच सांगता. हे मत काय आहे ते शोधण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत बरीच सर्वेक्षणे झाली आहेत. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २००७ मध्ये इजिप्त, मोरोक्को, पाकिस्तान आणि इंडोनेशिया या चार देशांतील लोकांना विचारले. अमेरिकेला मुस्लिम जग दुबळे आणि विभागलेले हवे आहे, असे मानणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ७९ टक्के निघाले. त्याच पाहणीत त्याच लोकांनी नागरिकांवरील हल्ले मोठ्या बहुमताने नाकारले. माणूस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानू शकतो, आणि आपल्या मोहल्ल्यात कोणालाही विचारले तरी तो मानतोच. पश्चिमेतल्या पंडितांना मात्र हे कोडे वाटले, कारण अमेरिकी फौजांना विरोध करणारा मनातून लादेनच्या बाजूचा असणार, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. आपल्या समितीने दुसरा परिच्छेद खोडून नेमका त्यांच्याच गृहीतकाला दुजोरा दिला.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांतला जॉर्डनचा प्रसंग मला विशेष बोलका वाटतो. इस्लामच्या रक्षणासाठी आत्मघाती हल्ला कधी तरी समर्थनीय ठरतो का, या प्रश्नाला २००५ च्या पाहणीत जॉर्डनमधल्या ५७ टक्के मुसलमानांनी 'होय, कधी कधी किंवा अनेकदा' असे उत्तर दिले होते. शेजारच्या इराकमध्ये तेव्हा अमेरिकी फौजा होत्या आणि हल्ले दूर कुठे तरी होत होते. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला अल कायदाच्या इराकमधल्या शाखेचा म्होरक्या झरकावी याच्या माणसांनी अम्मानमधल्या तीन हॉटेलांत स्फोट घडवले. त्यांतल्या एका हॉटेलात लग्नाचा समारंभ चालू होता. पुढच्या वर्षीच्या पाहणीत तो आकडा २९ वर आला, त्याच्या पुढच्या वर्षी २३ वर. पाकिस्तानात २००२ मध्ये ३३ टक्के लोक अशा हल्ल्यांना काही प्रमाणात समर्थन देत होते, २००७ मध्ये ९ टक्के उरले. इराकमधल्या युद्धाबद्दलचा राग या काळात ओसरला नव्हता. लोकांनी आपल्या दारात मेलेली माणसे पाहिली आणि मत बदलले. (जॉर्डनचा ५७ हा आकडा लपवावा असे मला वाटत नाही. आपल्यात असे मानणारे कोणी कधी नव्हतेच, हा दावा मी करणार नाही, आणि आपणही करू नये.)

आयसिसबद्दल २०१५ मध्ये विचारले तेव्हा जॉर्डनमधल्या ९४ टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिले आणि लेबनॉनमध्ये जवळजवळ सर्वांनीच. पाकिस्तानात मात्र ६२ टक्क्यांनी काही मतच दिले नाही. भीतीने, अज्ञानाने की 'ही वेळ नाही' म्हणून, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण त्या मौनाचा अर्थ लावण्याची मुभा मग प्रत्येकाला मिळाली, आणि जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावून मोकळा झाला.

दुसरी तक्रार आपल्या त्या 'वेळे'विषयी. आपली वेळ कधी येते ते मी आठवून पाहिले. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत तालिबानी बंदूकधाऱ्यांनी १३० हून अधिक विद्यार्थ्यांना वर्गांत आणि सभागृहात गोळ्या घातल्या, तेव्हा आपण सभा घेतली नाही. जुलै २०१६ मध्ये रमजानच्या अखेरच्या दिवसांत बगदादच्या कर्रादा बाजारात ईदची खरेदी करणारी शेकडो माणसे आयसिसने जाळली. पुढच्या फेब्रुवारीत पाकिस्तानातल्या सेहवानला लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात धमाल, म्हणजे ढोलाच्या तालावरचे सूफी नृत्य, चालू असताना स्फोट झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इजिप्तमधल्या सिनाईतल्या रवदा मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला आलेल्या ३०० हून अधिक लोकांना मारण्यात आले. यांपैकी एकाही दिवशी आपल्या तालुक्यात काळी फीत दिसली नाही. आपल्याकडेही उरूस भरतो, संदल निघतो, आपल्या आयाबहिणी नवस बोलायला दर्ग्यात जातात. सेहवानला ज्यांना मारले ते नेमके हेच करत होते. मारेकरी अमेरिकी असते तर आपण दुसऱ्या दिवशी मंडप घातला असता, याबद्दल मला शंका नाही. तेव्हा मृत मुसलमानासाठी आपले मन द्रवते ते मारणारा कोण हे पाहून, असे कोणी म्हटले तर मी त्याला काय उत्तर द्यावे?

अफगाणिस्तानचेही तसेच. ३० ऑगस्ट २०२१ रोजी शेवटचे अमेरिकी विमान काबूलहून उडाले तेव्हा आपल्यापैकी काहींनी मला आनंदाचे संदेश पाठवले. परकीय फौज गेली याचा आनंद मी समजू शकतो. त्यानंतर तालिबानने सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद केल्या आणि २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठांचे दरवाजेही लावून घेतले. इजिप्तमधल्या अल अझहर या विख्यात इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनी हा निर्णय शरीयतच्या विरुद्ध असल्याचे जाहीरपणे सांगितले. माझ्या वर्गातल्या मुली पहाटेची एसटी पकडून डी. एड. आणि फार्मसीला जात होत्या. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले की, सर, आपल्या जमातीने यावर काही ठराव केला का? मी विषय बदलला. शिक्षक म्हणून मला त्याची लाज वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्यापैकी एका सदस्याने मला खासगीत दिलेले कारण: 'हे सगळे अमेरिकेनेच पोसलेले आहेत, मग आपण कशाला माफी मागायची?' यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक ब्रेमर यांनी इराकी सैन्य एका आदेशाने बरखास्त केले आणि लाखो शस्त्रप्रशिक्षित माणसे बेकार होऊन रस्त्यावर आली. पुढे आयसिसच्या सेनानींत जुन्या इराकी सैन्यातले अधिकारी निघाले. जून २०१४ मध्ये इराकमधले मोसुल शहर आयसिसच्या हाती पडले त्याच्या मुळाशी तो आदेशही होता. हे आपण जरूर सांगावे. परंतु मोसुलमध्ये ज्याने यझिदी या अल्पसंख्य धर्मसमूहातल्या मुलीला बाजारात विकले त्याचा हात ब्रेमरने धरला नव्हता, आणि ती विक्री धर्मसंमत ठरवणारे पत्रक वॉशिंग्टनहून आले नव्हते. राहिला माफीचा प्रश्न. माझ्या परिच्छेदात माफी कुठेही नाही. जे आपण केलेले नाही त्याची माफी मागण्याचे कारणही नाही. निषेध आणि माफी यांतला फरक पहिल्या परिच्छेदाच्या वेळी आपल्याला बरोबर कळतो.

याच ओघात 'पाश्चात्त्य' या एका शब्दाबद्दलही बोलायला हवे. आपल्या वक्त्यांनी परवा तो शब्द इतक्या वेळा वापरला की, लंडन आणि रोमच्या रस्त्यांवर १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लाखोंच्या संख्येने उतरलेले लोक कोण होते, हा प्रश्न मला पडला. हस्तक्षेप म्हटला की प्रत्येक मुसलमानाचे मत एकच, हेही खरे नाही. १९९१ मध्ये कुवेत मोकळे झाले तेव्हा तिथले लोक रस्त्यावर नाचत होते, हे वडिलांचे सहकारी पुढे कित्येक वर्षे सांगत. बोस्नियात जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे सर्ब फौजांकडून मारले गेले. तेव्हा मुस्लिम जगाची तक्रार पाश्चात्त्य फौजा आल्याची नव्हती, त्या हातावर हात ठेवून बसल्याची होती. कोसोवोच्या राजधानीत तर तिथे हस्तक्षेप करणारे अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा पुतळा उभा आहे. खुद्द आपल्या निषेध सभांची परंपरा ज्या खिलाफत चळवळीपासून, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाचे पद टिकावे म्हणून झालेल्या चळवळीपासून, सुरू झाली, तिची खिलाफत मार्च १९२४ मध्ये इंग्रजांनी नव्हे, तुर्कांनीच संपवली. मुंबईत जमलेले चंदे आणि दिलेल्या घोषणा अंकाराला विचारून दिलेल्या नव्हत्या.

चौथे कारण मला सर्वांत सच्चे वाटते, म्हणून त्याला आदराने उत्तर देतो. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'आपण निषेध केला की टीव्हीवाले म्हणतात उशिरा केला, जोरात केला नाही, मनापासून केला नाही. रोज उठून देशभक्तीचा दाखला किती वेळा द्यायचा?' त्यांचे म्हणणे शंभर टक्के रास्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांना वाचवताना एक स्थानिक मुस्लिम घोडेवाला मारला गेला, तरी दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांना कॉलेजात 'तुझे मत काय' हे विचारलेच गेले. ज्याने गुन्हा केला नाही त्याच्या धर्मावरून त्याची उलटतपासणी घेणे अन्याय आहे, आणि ती घेणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्यांना मी वेगळे पत्र लिहिणार आहे. पण तो परिच्छेद मी त्यांच्यासाठी लिहिलाच नव्हता. तो सेहवानच्या, कर्राद्याच्या आणि पेशावरच्या मृतांसाठी होता, आणि आपल्या घरात रात्री मोबाइल घेऊन बसणाऱ्या पोरांसाठी होता. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि आयसिसला जाऊन मिळाले. शिकलेली, बऱ्या घरची मुले होती. गाझा आणि इराकची छायाचित्रे त्यांना कोणी तरी दाखवली असणार, आणि त्या रागाचे पुढे काय करायचे हेही त्यांना कोणी तरी सांगितले असणार. आपल्या व्यासपीठावरून त्यांना फक्त राग मिळाला असेल, तर पुढचे सांगणाऱ्याचे काम आपण सोपे करून ठेवले.

आपल्याच मुंबईत याहून किती तरी अवघड निर्णय कोणत्याही वाहिनीने न विचारता घेतला गेला आहे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी ठार झालेल्या नऊ दहशतवाद्यांना तिथे दफन करू देण्यास नकार दिला. मुसलमानाच्या मयताला माती नाकारणे ही आपल्यात किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्यांना समजणार नाही, आपल्याला समजते. ते मृतदेह जे.जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून होते. विश्वस्तांनी तेव्हा वेळ पाहिली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत देवबंदला जमलेल्या उलेमांनी दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या १२० हून अधिक विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला उद्देशून पत्र लिहून त्याचे एकेक म्हणणे शास्त्राधारे खोडून काढले. मी काही नवीन लिहिले नव्हते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष देताना ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध गेली तरी न्यायावर ठाम राहण्यास सांगितले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

वगळलेला परिच्छेद समितीच्या पुढील बैठकीत जसाच्या तसा वाचावा, त्यावर उघड चर्चा व्हावी आणि मत घ्यावे. तो फेटाळला गेला तर मी निकाल मानीन, पण फेटाळणाऱ्यांनी कारणे इतिवृत्तात लिहावीत. ठरावाचा मजकूर सभेच्या किमान दोन दिवस आधी मशिदीच्या फलकावर लावावा आणि त्यानंतर त्यात बदल करायचा झाल्यास लिहिणाऱ्याला कळवावे. आपल्या तालुक्यातील बायकांना या सभांत व्यासपीठावर नाही तरी निदान समितीत जागा मिळावी, कारण अतिरेक्यांची सत्ता येते तेव्हा पहिला हुकूम त्यांच्यावर निघतो. दर वर्षी १६ डिसेंबरला आपल्या हायस्कुलात पेशावरच्या मुलांसाठी दोन मिनिटे उभे राहावे, आणि त्यासोबत गाझातल्या मुलांचीही आठवण करावी. आणि व्यासपीठावरून परदेशातल्या कोणत्याही सशस्त्र संघटनेच्या किंवा हुकूमशहाच्या नावाचा जयजयकार होऊ नये. घोषणा द्यायच्याच असतील तर मेलेल्यांची नावे घ्यावीत.

पुढची सभा महिनाभरात घ्यायचे चालले आहे असे ऐकतो. ठराव लिहायला मला सांगितलेत तर मी आनंदाने लिहून देईन, पण त्यात परिच्छेद दोनच असतील. एकच हवा असल्यास कृपया दुसरा लेखक पाहावा, आणि तसे मला सभेच्या आधी कळवावे.

आपला,
जमातीचा एक सभासद व निवृत्त इतिहास शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा